परतीच्या पावसात चिपळूण–दापोली–गुहागर फेरा: चौदा गाड्यांची एका दिवसाची राईड कशी आखावी

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणच्या एका मोटरसायकल क्लबला ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका रविवारी चिपळूण–गुहागर–धोपावे–दाभोळ–दापोली–खेड–चिपळूण असा फेरा मारायचा आहे. गाड्या चौदा, बहुतेक दीडशे ते साडेतीनशे सीसीच्या. दोघांच्या मागे माणूस बसणार आहे, तिघे पहिल्यांदाच गटात चालवणार आहेत. हवामानाचा भरवसा नाही. राईड ठेवावी का, आणि ठेवली तर कशी?

ठेवा. फक्त फेरा उलटा फिरवा: आधी खेड, मग दापोली, दाभोळ, फेरीबोट, गुहागर आणि परत चिपळूण. किलोमीटर तेवढेच पडतात, सुमारे दीडशे. पण जून-जुलैचा पाऊस आणि परतीचा पाऊस यांत मोठा फरक आहे. जून-जुलैत सरी समुद्राकडून येतात, दिवसरात्र कधीही येतात, आणि रस्ता सतत धुतलेला राहतो. ऑक्टोबरात सकाळ बहुतेक वेळा लख्ख असते. उकाडा वाढत जातो, दुपारी एक-दोनच्या सुमारास पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढायला लागतात, आणि तीन ते सहाच्या दरम्यान ते गडगडत खाली कोकणात उतरतात. तुमच्या मूळ आराखड्यात नेमक्या याच वेळी तुम्ही खेड ते चिपळूण या महामार्गाच्या पट्ट्यात, घाटाच्या पायथ्याशी, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या टँकर-ट्रेलरच्या गर्दीत आणि शेवटी परशुराम घाटात असाल. उलट फिरलात तर हा तुकडा सकाळी सात ते आठ या वेळेत, बहुधा कोरड्यात, उरकतो. दुपारच्या वादळाच्या वेळी तुम्ही गुहागरात जेवत असता. तिथून चिपळूणपर्यंत पंचेचाळीस किलोमीटरच उरतात आणि वाटेत शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर अशी थांबायला छप्पर असलेली गावं आहेत.

वेळापत्रक साधारण असं. साडेसहाला जमायचं, टाक्या आदल्या रात्रीच भरलेल्या. सातला निघायचं. आठला खेड, भरणे नाक्यावर पाच मिनिटं मोजणी आणि चहा. फुरूस, वाकवलीवरून साडेनऊपर्यंत दापोली, तिथे नाश्ता. अकराला दापोली सोडायची, बाराच्या आसपास दाभोळ, साडेबाराची फेरी, दीडच्या आत गुहागर. तीनला परत निघायचं, पाचपर्यंत चिपळूण. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, म्हणजे हाताशी तासाभराची सवड राहते. ती सवड पावसासाठी आहे. हर्णै-आंजर्ल्याला डोकावून येण्यात ती खर्च करू नका. दापोलीहून हर्णै जाऊन-येऊन तीस किलोमीटर वाढतात आणि चौदा गाड्यांचा गट तिथे दीड तास घालवतो. ज्यांना कड्यावरचा गणपती पाहायचाच आहे, त्यांनी तो डिसेंबरात पाहावा.

चौदा गाड्या गावच्या रस्त्यावर, चहापाणी धरून, ताशी सरासरी पंचवीस-तीसच्या वर जात नाहीत. कोणी कितीही जोरात चालवणारा असला तरी हा आकडा हलत नाही, कारण थांबल्यावर हेल्मेट काढणं, फोटो काढणं आणि कोणाचा तरी हातमोजा शोधणं यातच वेळ जातो. ओल्यात यातले पाच वजा करा.

आता माघारीची ठिकाणं. हे आदल्या दिवशीच ठरवायचं, कारण ओल्या कपड्यांत उभं राहून चौदा जणांचं एकमत होत नाही. पहिला निर्णय शनिवारी संध्याकाळी. हवामान खात्याचा रत्नागिरी जिल्ह्याचा इशारा पाहायचा. पिवळा असेल तर जायचं, पण दुपारचा कार्यक्रम आटोपता ठेवायचा. नारिंगी म्हणजे मुसळधार ते अतिमुसळधार, म्हणजे चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरच्याही वर जाण्याची शक्यता. तिथे राईड पुढे ढकलायची. लालची तर चर्चाच नको. दुसरा निर्णय दापोलीत, साडेदहाला: दाभोळच्या फेरीबोटीला फोन. वारा-लाटांमुळे फेरी बंद असेल तर दाभोळला जाऊन काही उपयोग नाही, तिथून चिपळूणला परत फिरायचं तर दापोली-खेडमार्गे नव्वदच्या आसपास किलोमीटर आहेत. मग दापोलीतच जेवून बाराच्या आत खेडकडे वळायचं. तिसरा निर्णय गुहागरात, पावणेतीनला: पूर्वेला काळं झालंय का? झालं असेल तर निघायचंच नाही, वादळ जाऊ द्यायचं. बहुतेक गडगडाटी पाऊस तास-दीड तासात ओसरतो. सव्वाचार ही निघण्याची शेवटची वेळ धरा. तोपर्यंत उघडलं नाही तर गुहागरात मुक्काम. खोल्या मिळतील का, हे राईडच्या आधीच विचारून ठेवा. मुक्कामाची सोय डोक्यात नसलेला गट अंधारात, पावसात निघतो.

विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप पुढाऱ्याच्या, म्हणजे गटात सगळ्यांत पुढे चालवणाऱ्याच्या, फोनवर असू द्या. आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजा ते दाखवतं. फोनला रेंज नसेल तर मोजायचं: वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर छपराखाली जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, हे जास्त लागू आहे. तिथे मैलभर उंच काही नसतं, तुम्ही आणि तुमची गाडी हीच उंच वस्तू. एकट्या झाडाखाली उभं राहू नये, हे कोकणात पोरासोरांना माहीत असतं. तरी रेनकोट चढवायला सगळे नेमके तिथेच थांबतात.

रस्त्याकडे वळू या, कारण गाड्या पडतात त्या बहुतेक इथेच. पावसाने टायर पाण्यावर तरंगतो म्हणून गाडी घसरते, असा सर्वसाधारण समज आहे. गावच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगात मोटरसायकलचा गोल टायर तरंगायचा प्रश्न क्वचितच येतो. घसरवते ती पाण्याखालची साय. चार-पाच दिवस ऊन पडलं की रस्त्यावर धूळ, रबराची भुकटी आणि गाड्यांचं गळलेलं ऑईल साचतं. पहिली सर आली की याचा पातळ राडा होतो आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं तोच सगळ्यांत वाईट काळ. जोराचा पाऊस पडून गेला की रस्ता उलट बरा होतो. परतीच्या पावसात जवळजवळ रोजची सर ही पहिलीच सर असते. म्हणून शिंतोडे सुरू झाले की पहिला चहा तिथेच घ्यावा, वीस मिनिटांनी निघावं.

दुसरं, तांबडी माती. रस्त्याच्या वरच्या अंगाला जांभ्याचा कापलेला बांध असतो. गटार बुजलेलं असलं की पाणी माती घेऊन थेट डांबरावर येतं आणि वळणाच्या आतल्या बाजूला तिचा पंखा पसरतो. ओली असताना ती साबणासारखी, वाळली की बारीक गोट्यांसारखी. तांबडा पट्टा दिसला की त्याच्या आधीच, गाडी सरळ असतानाच वेग उतरवायचा, आणि पट्ट्यावर ब्रेक, क्लच, एक्सिलरेटर काहीच हलवायचं नाही. गाडी तिरकी न करता तशीच जाऊ द्यायची. चाक किंचित हललं तरी हँडल आवळायचं नाही. जांभ्याच्या चिऱ्याच्या खाणीजवळ, जिथून डंपर रस्त्यावर येतात, तिथे हा थर दोन्ही लेनवर असतो. शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या चाकांचा चिखल असतो, आणि भातकापणी सुरू झाली असेल तर पेंढाही. ओला पेंढा दिसायला निरुपद्रवी, पण त्यावर ब्रेक लावला की पुढचं चाक क्षणात जातं.

तिसरं, शेवाळ. वाडीतले सिमेंटचे रस्ते आंबा-फणसाच्या सावलीत असतात, चार महिने ऊन लागलेलं नसतं, आणि कडेला हिरवट-काळा थर धरलेला असतो. चाकोरीच्या दोन पट्ट्यांतून, जिथे गाड्यांची चाकं फिरून तो खरवडला गेलेला असतो, तिथूनच जायचं. अशा उतरणीवर फक्त पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग (एक्सिलरेटर सोडून इंजिननेच वेग उतरवणं) आणि मागचा ब्रेक अगदी हलका. क्लच दाबून गाडी मोकळी सोडली की ती हातातून जाते. किनाऱ्याजवळ सुरूच्या काड्यांचा गालिचा असतो, तोही याच जातीचा.

उरलेले धोके सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून भरभर सांगतो: पांढरे पट्टे आणि रम्बलर ओले असताना तिरकं जाऊ नका, पुलाच्या लोखंडी सांध्यावर सरळ जा, वळणावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर ते डिझेल आहे, संध्याकाळी गुरं घरी परततात, एक गाय ओलांडली की तिच्यामागे वासरू असतंच.

साईडपट्टीबद्दल मात्र सविस्तर. गुहागर–चिपळूण किंवा दापोली–दाभोळ रस्त्यावर समोरून एसटी आली की वळणावर ती पूर्ण रस्ता घेते. तिला दुसरा इलाज नाही, गाडीची लांबीच तेवढी आहे. म्हणून बंद वळणाआधी हॉर्न, डावी कड धरलेली, आणि वेग असा की दिसतंय तेवढ्या रस्त्याच्या निम्म्यात थांबता यावं. खाली उतरायची वेळ आलीच तर आधी डांबरावर जवळजवळ थांबा, मग उतरा. डांबर आणि साईडपट्टी यांच्यात चार ते सहा इंचांची पायरी असते आणि ऑक्टोबरात ती गवताने झाकलेली असते. उतरताना फारसं होत नाही. आपटतात ते परत वर चढताना. डांबराच्या कडेला समांतर राहून हळूच वर सरकायचा प्रयत्न केला की पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी होते. बरोबर पद्धत अशी: पूर्ण थांबा, मागे पाहा, हँडल उजवीकडे घेऊन कडेला शक्य तितकं काटकोनात जा, पहिल्या गिअरमध्ये हलका रेटा देऊन चढा. नवख्या तिघांकडून हे शनिवारी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर दहा-दहा वेळा करून घ्या. गटात चालवण्याच्या सगळ्या शिकवणीपेक्षा हे जास्त कामाला येईल.

फरशी पूल आणि मोऱ्या. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्री ते समुद्र हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचं, त्यामुळे वर घाटमाथ्याला पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असताना ओढ्याला पाणी येतं. ते तितक्याच लवकर उतरतंही, बहुतेक एक-दोन तासांत. अपवाद खाडीच्या तोंडाजवळचा: भरती असेल तर पाण्याला जायला वाट नसते आणि ते तुंबतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरात याचा अनुभव अख्ख्या शहराने घेतला आहे. नियम एकच ठेवा: पुलाच्या दोन्ही कडांचे दगड किंवा खांब दिसत नसतील, किंवा वाहतं पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल, तर गट थांबतो. पुढची जीप गेली म्हणून आपणही जावं असं नाही, जीपचं वजन दीड टन असतं. गढूळ पाण्याखाली फरशीचा एक तुकडाच वाहून गेलेला असू शकतो. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाचशेच्या कामाचं पंचवीस हजारांचं होतं. गाडी ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून पाहा, प्लग काढा, प्लगची वायर बाजूला घेऊन इंजिन फिरवा, पाणी बाहेर पडू द्या, मगच चालू करा. पाण्यातून निघाल्यावर शंभर-दोनशे मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबून चालवा. मागे ड्रम ब्रेक असेल तर जरा जास्तच.

आता गट. चौदा गाड्या एका रांगेत नेऊ नका. एसटी किंवा कारवाल्याला इतकी लांब रांग ओलांडता येत नाही, तो मध्ये घुसतो आणि मग पुढचे-मागचे एकमेकांना गाठायला जोरात चालवतात. सात-सातचे दोन गट करा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. प्रत्येक गटात पुढारी आणि शेपूट (सगळ्यांत मागे चालवणारा) हे दोन अनुभवी, बाकी पाच. नवख्यांना पुढाऱ्याच्या मागेच ठेवावं असं सगळीकडे सांगतात. पण वळणावर दुसऱ्या नंबरच्या गाडीने थांबून मागच्यांना वाट दाखवायची पद्धत वापरणार असाल, तर तिथे नवखा ठेवून चालत नाही. दुसरा-तिसरा नंबर जाणत्यांचा, नवखे चौथे-पाचवे, मागे माणूस बसवलेला सहावा, शेवटी शेपूट. या फेऱ्यात चुकण्यासारखी वळणं पाचच आहेत: भरणे नाका, दापोलीतला दाभोळ फाटा, दाभोळची जेटीकडची गल्ली, धोपाव्याहून गुहागरकडे, आणि गुहागरातून चिपळूण रस्ता. दर थांब्यावर रांग पुन्हा पहिल्यासारखी लावली की दोन जाणते पुरतात. थांबलेल्याने शेपूट येईपर्यंत जागा सोडायची नाही, मग दहा मिनिटं लागोत. तो शेपटाच्या पुढे रांगेत शिरतो, मधल्यांना ओलांडून आपली जागा गाठत नाही.

महामार्गावर आडव्या-तिडव्या दोन ओळी ठीक: पुढारी लेनच्या उजव्या चाकोरीत, दुसरा डाव्या. पण महामार्ग सोडला की सरळ एकेरी रांग. अंतर कोरड्यात दोन सेकंद, ओल्यात चार. ताशी पन्नासला चार सेकंद म्हणजे पंचावन्न मीटर, आणि ते डोळ्यांना फारच जास्त वाटतं. म्हणून मीटर सांगू नका, मैलाचा दगड धरून मोजायला सांगा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. धुक्यात किंवा पावसात मागच्याला तुम्ही वळताय की नाही ते कळत नाही. हेडलाईट डिपरवर असला की पुरे.

आणखी एक, रेनसूट कधी घालायचा. पाऊस लागल्यावर नाही. पुढचा डोंगर पांढरा झाला, वारा अचानक गार आला, की पुढाऱ्याने जवळच्या पिकअप शेडला गट घ्यायचा. वळणावर कडेला उभं राहून एका पायावर पँट चढवणारे आणि मागून येणारा टेम्पो, ही जोडी वाईट. सूट दोन तुकड्यांचा घ्या, पँट बुटांच्या वरून. ऑक्टोबरात सूट घालून उन्हात चालवलं की तासाभरात माणूस घामाने आतूनच भिजतो, डोकं जड होतं, आणि मग चुका होतात. म्हणून सर गेली की सूट काढायलाही तितक्याच शिस्तीने थांबा, आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी संपलं पाहिजे असं धरा. व्हायजर पारदर्शकच. आतून वाफ धरते त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कोरड्या फडक्याने पुसून काढला की दोन-तीन तास निभतं.

फेरीबोट हा या राईडचा सगळ्यांत मजेचा तुकडा. पडायला सगळ्यांत सोपी जागाही तीच. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे हे पाणी बोट दहा-एक मिनिटांत कापते. प्रश्न रॅम्पचा असतो. ओहोटीला काँक्रीटचा रोजचा पाण्याखालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि गाळ, आणि बोटीची फळी जास्त उतरती लागते. म्हणून तिथी पाहून जा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दशमीला साडेसातला भरती, म्हणजे दीडच्या सुमारास सुकती. तुमची साडेबाराची फेरी अगदी वाईट वेळेला. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे साडेबाराला पाणी निम्मं चढलेलं, उत्तम. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण आखणीला पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणामुळे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. अष्टमीच्या सुमाराला भांगेत तो कमी.

चढताना मागे बसलेल्याला आधी उतरवा. एका वेळी एकच गाडी. पुढची डेकवर जाऊन पूर्ण थांबल्याशिवाय दुसऱ्याने रॅम्पवर यायचं नाही. अर्ध्या चढावर थांबावं लागलं तर पाय घसरतात आणि गाडी कलंडते. पहिला गिअर, सारखा हलका एक्सिलरेटर, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर तयार. नक्षीच्या लोखंडी पत्र्यावर पुढचा ब्रेक विसरून जा. खलाशी दाखवतील तिथेच लावा, वाद घालू नका. बोटीचा तोल त्यांना कळतो. गाडी साईड स्टँडवर, इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये, आणि पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला रबरी पट्टा. मेन स्टँडवर लावलेली गाडी हलत्या डेकवर लवकर पडते. एक पडली की शेजारच्या चार घेऊन पडते, म्हणून प्रत्येकाने आपल्या गाडीला हात लावून उभं राहायचं. फोटो धोपाव्याला उतरून.

गाडीची तयारी शनिवारी सकाळी, रविवारी पहाटे नाही. टायरची नक्षी दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर ती गाडी या राईडला नको. कायद्याची मर्यादा त्याहून कमी आहे, पण कायदा कोरड्या रस्त्यालाही तोच आहे. हवा कंपनीने सांगितली तेवढीच, थंड टायरला मोजून. पावसात हवा कमी करून ग्रिप वाढते हा समज चुकीचा आहे, उलट पाणी बाजूला सारायची टायरची ताकद घटते. चेनची ढिलाई बहुतेक या वर्गातल्या गाड्यांना वीस ते तीस मिलिमीटर लागते, नेमका आकडा स्विंग आर्मवर चिकटवलेला असतो. मागचं चाक फिरवून तीन ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन एका जागी आवळ आणि दुसरीकडे ढिली असते. ब्रेक पॅड अर्धे झाले असतील तर बदलाच. तांबड्या मातीची कच पॅड आणि डिस्कमध्ये शिरते आणि एका ओल्या दिवसात नेहमीच्या आठवड्याभराची झीज करते.

हत्यारं प्रत्येकाने वाहायची गरज नाही, गटात एक संच, तो शेपटाकडे. ट्यूबलेससाठी रबरी वाती आणि पंप. स्पोकच्या चाकांसाठी पुढची-मागची ट्यूब आणि दोन टायर लिव्हर. ओल्यात पंक्चर वाढतात, कारण पाण्याने खिळा रबरात सहज शिरतो. शिवाय आसाच्या नटाचा पाना, ॲलन की, क्लच केबल, क्लचची लिव्हर, चेनची जोडणी कडी, फ्यूज, प्लग, चिकटपट्टी, झिप टाय. गाडी डावीकडे पडली की क्लचची लिव्हर तुटते. दोन रुपयांच्या विचाराने ती कोणी घेत नाही. आणि ओल्यात गाडी अचानक बंद पडली, गिअर टाकला की मरते, असं झालं तर कार्ब्युरेटर-इंजेक्टर उघडायच्या आधी साईड स्टँडच्या सेन्सरवरचा चिखल धुऊन पाहा. निम्म्या वेळा तेवढंच असतं.

कोणी पडलंच तर: आधी दोघे जण वळणाच्या दोन्ही बाजूंना, किमान पन्नास मीटरवर, वाहनं थांबवायला. मग जखमी. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही, मान हलवायची नाही. १०८ ला फोन, आणि सांगताना गावाचं नाव व जवळचा मैलाचा दगड. दऱ्याखोऱ्यांत रेंज जाते, म्हणून पुढचा गट थांबवायला एकाने गाडीवरून रेंज असलेल्या चढापर्यंत जायचं. या फेऱ्यात चिपळूणजवळ कामथे, खेडजवळ कळंबणी आणि दापोली इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, गुहागरला ग्रामीण रुग्णालय. ही नावं, रक्तगट आणि घरचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत. भिजलेला फोन बोटाने उघडत नाही.

गुहागरच्या वाळूत गाड्या घालू नका. ओली वाळू घट्ट वाटते, साईड स्टँड रुतला की गाडी आडवी, आणि खाऱ्या पाण्याचा फवारा स्पोक आणि केबलमध्ये जाऊन बसतो. फेरीबोटीवरही थोडं खारं उडतंच. त्यामुळे घरी आल्यावर त्याच रात्री साध्या पाण्याने गाडी धुवा, प्रेशरचा पाईप चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या गळ्यावर मारू नका. चेन पुसून, ती कोमट असतानाच गिअर ऑईल लावा, म्हणजे कड्यांत उतरतं. सकाळी जादाचं पुसा. रेनसूट ओला घडी करून डिकीत ठेवला तर पुढच्या राईडला शिवणीची टेप सुटलेली असते, तो उलटा करून सावलीत वाळत घाला.